गिझर, नळ आणि बोअरचं पाणी : थंडीच्या आधी घरच्या घरी काय काय उरकून घ्यायचं

दिवाळीनंतर पहिली कडक थंडी पडली की एकाच आठवड्यात अख्ख्या सोसायटीचे गिझर बंद पडतात आणि मग प्लंबर फोन उचलत नाही, उचलला तर "उद्या येतो ताई" म्हणतो आणि तो उद्या काही येत नाही. खरंतर गिझर त्या दिवशी बिघडलेला नसतो. तो उन्हाळा-पावसाळाभर आतून भरतच असतो, फक्त तेव्हा नळाचं पाणी मुळातच कोमट असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि डिसेंबरात टाकीतलं पाणी गार पडलं की त्याला जास्त वेळ चालावं लागतं, तेव्हा मग राम म्हणतो. म्हणून माझं म्हणणं असं की दसऱ्याच्या आधी आपण घर झाडतो, माळ्यावरची भांडी काढतो ना, त्यातच एक रविवार गिझर आणि नळांना द्यायचा. तेव्हा प्लंबरही मोकळा असतो आणि हार्डवेअरवालाही नीट बोलतो.

आता हे भरतं काय तर क्षार. पुण्यात जिथे खडकवासल्याचं पाणी येतं तिथे हा त्रास बराच कमी, पण वाघोली, उंड्री, हिंजवडी अशा भागात जिथे बोअर आणि टँकरवर दिवस काढायचे तिथे विचारू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांमधून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून आणतं. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे त्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. तुमच्या पाण्याचा आकडा माहीत नसला तरी साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळलं की तळाला पांढरी भुकटी बसते, एवढं पुरेसं आहे कळायला. हे क्षार थंड पाण्यात गपचूप विरघळलेले असतात आणि पाणी तापलं की बाहेर पडून दगडासारखे चिकटतात, ६० अंशाच्या वर तर फारच पटापट. म्हणजे घरातली सगळ्यात गरम वस्तू कुठली, गिझरची कॉइल, तर सगळ्यात जाड थर तिच्यावरच. थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत भाजते आणि एक दिवस फुटते. नळ जाम होणं, शॉवरची भोकं बुजणं, फ्लश सतत वाहणं, यातली अर्धी दुखणीही याच क्षारांची. म्हणून नवीन वस्तू घेण्याआधी क्षार काढून बघायचे, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

आधी कॉक शोधा

पाना हातात घेण्याआधी हे करा. घरातलं पाणी कुठे कुठे बंद होतं ते बघून ठेवा. गिझरखाली दोन अँगल कॉक असतात, बेसिनखाली दोन, फ्लशच्या टाकीला एक, आणि बाथरूमच्या भिंतीत वरच्या बाजूला एक कन्सील्ड कॉक असतो जो बिल्डरने दिल्यापासून कुणी फिरवलेला नसतो. त्याच्याही वर डक्टमध्ये किंवा गच्चीवर तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह असतो, तो कुठला ते वॉचमनला किंवा सोसायटीच्या प्लंबरला आजच विचारून घ्या, रात्री अकरा वाजता पाईप निसटल्यावर नाही. आणि हे सगळे कॉक दोन-तीन महिन्यांतून एकदा बंद-चालू करायचे, नाहीतर क्षाराने जाम होतात. जाम झालेल्या जुन्या कॉकवर जोर काढू नका, तो भिंतीच्या आतच तुटला तर टाईल फोडावी लागते. थोडं मागे थोडं पुढे असं हळूहळू सोडवा, नाही सुटला तर गच्चीवरून लाइन बंद करून बदलूनच टाका.

वीज, याच्यात गंमत नाही

पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र असतात म्हणून एवढं वाचाच. गिझर उघडायचा असेल तर नुसता स्विच बंद करून भागत नाही, एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा मुख्य खटका) पाडा, प्लग काढा, आणि टेस्टरने बघा. स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असला तर स्विच बंद असूनही आत करंट असतो, आणि असं वायरिंग जुन्या घरात सर्रास सापडतं.

साधा १५ किंवा २५ लिटरचा स्टोअरेज गिझर साधारण २००० वॉटचा असतो, म्हणजे पावणेनऊ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि एमसीबीपर्यंत स्वतंत्र वायर पाहिजे. प्लगची पिन काळी पडली असेल, सॉकेट गरम लागत असेल, जळाल्यासारखा वास येत असेल तर गिझरचा दोष नंतर बघू, आधी सॉकेट बदला. तीन लिटरचा इन्स्टंट बहुतेक ३००० वॉटचा असतो, तेरा अँपिअर, त्याला तर ढिली पिन अजिबात चालत नाही.

अर्थिंग नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा मोजून घ्या. मीटरवर फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळजवळ सारखेच व्होल्ट यायला हवेत. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की लगेच वीज तोडणारा खटका, नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी तो बसवा. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. त्याच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे. अंघोळ करताना नळाला हात लागून झिणझिण्या आल्या तर "ओल्या हाताने होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, गिझर त्याच क्षणी बंद आणि कॉइल तपासल्याशिवाय परत चालू करायचा नाही.

गिझरला नक्की काय झालंय

लक्षणावरून बरंच कळतं.

चालू केला की लगेच एमसीबी पडतो, तर कॉइल शॉर्ट किंवा वायर जळालेली. आरसीसीबी पडतो, तर कॉइलचं वरचं आवरण फुटून करंट पाण्यात उतरतोय, कॉइल बदलायचीच. लाल दिवा लागतोय पण पाणी गारच, तर बहुतेक कॉइल आतून तुटली. दिवाच लागत नाही, तर आधी सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा (अर्धे फोन इथेच वाचतात), सॉकेट ठीक असेल तर थर्मल कटआऊट (जास्त तापलं की वीज तोडणारा खटका) पडलेला असतो किंवा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद-चालू करणारा) गेलेला असतो. बऱ्याच गिझरमध्ये खालच्या झाकणाच्या आत कटआऊटचं एक बारीक बटण असतं, ते दाबलं की गिझर परत चालू होतो, पण ते पडलं म्हणजे पाणी नको तेवढं तापलं होतं, म्हणून दोन दिवसांत परत पडलं तर नुसतं बटण दाबत बसू नका, थर्मोस्टॅट बदला.

तापताना आतून टकटक, खडखड, चहाच्या आधणासारखा आवाज येतो, तर तो थराचा आवाज, सर्व्हिसिंगला आलाय. सकाळी पहिलं पाणी लालसर-तांबूस येतं, तर टाकी गंजायला लागलीय. टाकीच्या अंगातूनच पाणी ठिबकतंय, तर विषय संपला, नवीन घ्या, एमसील लावून गिझरची टाकी टिकत नाही, कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

आणि पूर्वी एक बादली पुरायची ती आता अर्धीच गरम येते, ही तक्रार सगळ्यात जास्त. याला थर हे एक कारण, पण दुसरं एक कारण आहे जे प्लंबरसुद्धा विसरतात आणि ग्राहकाला कॉइल बदलायला लावतात. ज्या मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, पुढे हातशॉवर आहे आणि त्या हातशॉवरला स्वतःचं बटण आहे, तिथे लोक बटण सोडून पाणी बंद करतात आणि मिक्सरचे दोन्ही नळ तसेच उघडे ठेवतात. आता बाहेर जायला वाट नाही आणि गरम-थंड दोन्ही लाइनी मिक्सरमध्ये एकमेकींना जोडलेल्या, मग ज्या लाइनला प्रेशर जास्त ती दुसरीत घुसते. थंड पाणी गरमच्या लाइनीत शिरतं, तिकडे स्वयंपाकघरात गरम नळ सोडला की कोमट येतं, आणि घरचे म्हणतात गिझर गेला. तपासायला सोपं आहे, गिझरच्या इनलेटचा, म्हणजे थंड पाणी आत जातं तिथला, कॉक बंद करा आणि गरम नळ सोडा. काही सेकंदांत धार थांबली तर ठीक. वाहतच राहिली तर कुठून तरी थंड पाणी मिसळतंय, एकेक मिक्सर बंद करत जा, सापडतं.

वेळेचा अंदाजही ठेवा. १५ लिटर पाणी २५ अंशावरून ६० वर न्यायला २००० वॉटच्या गिझरला वीसेक मिनिटं लागतात, २५ लिटरला अर्धा तास. याच्या दीडपट वेळ लागायला लागला की काहीतरी बिघडतंय असं समजा.

गिझर उघडून साफ करणं

वॉरंटीत असेल तर हात लावू नका, कंपनीचा माणूस बोलवा, सील तुटलं की टाकीची वॉरंटी गेली म्हणतात. वॉरंटी संपलेला, भिंतीवर उभा टांगलेला साधा स्टोअरेज गिझर असेल तर मात्र हे काम जमण्यासारखं आहे, निम्मा दिवस धरा.

सामान : ॲडजस्टेबल पाना, बॉक्स पाना, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, मल्टिमीटर असेल तर उत्तम, दोन बादल्या, टेफ्लॉन टेप, सायट्रिक ॲसिड म्हणजे किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन गॅस्केट म्हणजे कॉइलच्या जोडात बसणारं रबर. गिझरवरच्या स्टिकरचा फोटो काढून आधीच दुकानात जा आणि त्याच मॉडेलचं गॅस्केट घेऊन या. जुनं रबर एकदा दबलं की परत तसंच बसत नाही.

वीज पूर्ण बंद. पाणी गरम असेल तर गरम नळ सोडून गार होऊ द्या. मग इनलेटचा कॉक बंद. निळी खूण इनलेट, लाल आउटलेट. आता टाकी रिकामी करायची. आत आउटलेटचा पाईप उंच, पार वरपर्यंत गेलेला असतो आणि इनलेट तळाशी असतो, म्हणून पाणी इनलेटकडूनच निघतं, पण त्यासाठी आउटलेटचा कनेक्शन पाईप सोडायला लागतो, तिथून हवा आत शिरली तरच पाणी खाली येतं. इनलेटला जो पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्याच्यात पाणी उलटं न जाऊ देणारा पडदा असतो, त्यामुळे तो अख्खा काढावा लागतो. बादली खाली धरा आणि मगच काढा, १५ लिटर पाणी वाटतं त्यापेक्षा जास्त असतं आणि सगळं आपल्याच बाहीत शिरतं.

खालचं प्लास्टिकचं झाकण काढलं की वायरी दिसतील. फोटो काढा. दोन बाजूंनी काढा. मग वायरी सोडा, थर्मोस्टॅट त्याच्या नळीतून हलकेच ओढून घ्या आणि फ्लँजचे, म्हणजे कॉइल ज्या चकतीवर बसवलेली असते तिचे, बोल्ट एक आड एक करत थोडे थोडे ढिले करा. फ्लँज सुटताना उरलेलं पाणी आणि पांढरा-पिवळा चिखल भदकन खाली येतो, म्हणून तोंड वर करून खाली उभं राहायचं नाही. बोअरच्या पाण्यावरचा गिझर असेल तर जे निघेल ते बघून घरचे सगळे जमा होतील, अंड्याच्या टरफलासारख्या पापड्या, कधीकधी मूठ-मूठभर.

कॉइलबरोबर एक काठी येते, तो मॅग्नेशियमचा अॅनोड. हा स्वतः झिजून टाकीला वाचवतो, पाण्यातला गंज आधी याला खातो मग टाकीला. काठी अर्ध्याच्या खाली झिजलेली असेल, किंवा नुसती आतली तार उरली असेल तर बदला. स्वस्त वस्तू आहे आणि टाकीचं आयुष्य हिच्यावर आहे, तरी सर्व्हिसिंगला येणारे बरेच जण ही बघतच नाहीत, त्यांना तुम्हीच सांगा दाखवा म्हणून.

कॉइलवरचा जाड थर लाकडी काडीने टकटक करून पाडा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, आवरणाला ओरखडा पडला की तिथूनच फुटते. मग एका प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाणी, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व, आणि त्यात कॉइलचा फक्त पाण्यात राहणारा भाग बुडवून तास-दोन तास ठेवा. वायरी जोडायची टर्मिनलं कोरडी राहिली पाहिजेत. बुडबुडे येतात, थर मऊ पडतो, ब्रशने निघून जातो. अॅनोड आधी काढून ठेवा, तो यात बुडवायचा नाही. आणि संडास-बाथरूमचं ॲसिड कृपया नको, ना कॉइलला ना टाकीत, ते धातूच खातं, शिवाय त्याचा धूर छातीत जातो. टाकी आतून नुसत्या पाण्याने दोन-तीनदा खंगाळा, बोट घालून तळाशी अडकलेल्या पापड्या काढा, तेवढं बास.

मल्टिमीटर असेल तर कॉइल आत घालायच्या आधी तपासून घ्या. २००० वॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स २६ ओहमच्या आसपास येतो, ३००० वॉटची असेल तर साडेसतरा. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलेली. आणि टर्मिनल ते बाहेरचं धातूचं आवरण यांच्यात काहीही आकडा येता कामा नये, आला तर ती कॉइल भंगारात.

बसवताना नवीन गॅस्केट, बोल्ट समोरासमोरचे आलटूनपालटून आवळा, गाडीच्या चाकाचे आवळतात तसे. मग वायरी लावायच्या आधी पाणी भरायचं! इनलेट कॉक सोडा, गरम नळ उघडा ठेवा, आधी फुसफुस हवा येईल, मग तुटक धार, मग सलग धार. सलग धार आली म्हणजे टाकी भरली. दहा मिनिटं फ्लँजपाशी कोरडा टिश्यू लावून बघा, ओला होत नाही ना. मगच वायरी, थर्मोस्टॅट, झाकण, आणि सगळ्यात शेवटी वीज. रिकाम्या टाकीवर गिझर चालू केला तर नवीकोरी कॉइलसुद्धा जळते. त्याच कारणाने टँकर आला नाही, टाकी संपली, नळाला पाणी नाही, अशा सकाळी गिझर बंदच ठेवायचा.

थर्मोस्टॅटला खटका असेल तर ५५ ते ६० अंशावर ठेवा. ७५ वर ठेवून नंतर बादलीभर गार पाणी मिसळायचं यात वीज जाते आणि थरही दुप्पट जोमाने बसतो. फार खालीही नको, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. बोअरचं पाणी असेल तर हे सगळं वर्षातून एकदा, महापालिकेचं गोड पाणी असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा चालतं.

तो ठिबकणारा व्हॉल्व्ह

इनलेटच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून लोक त्याला चिंधी बांधतात, खुंटी मारतात, एका ठिकाणी तर मी एमसील लावलेलं बघितलंय. असं कधीही करू नका. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटर पाणी ६० अंशापर्यंत गेलं की पेलाभर जास्तीचं पाणी होतं आणि मागे जायला वाट नसते, ते इथूनच बाहेर पडणार. तापताना थोडं ठिबकणं हे व्हॉल्व्ह जिवंत असल्याचं लक्षण आहे. थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी उकळायला लागलं तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी तीच वाट, ती बुजवली की गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेला बॉम्ब. ठिबकण्याचा त्रास होत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक पारदर्शक नळी लावून खाली न्हाणीत सोडा, नळीचं दुसरं टोक मात्र उघडं.

गिझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर दोन शक्यता. एक, आत कचरा अडकला, तरफ दोन-तीनदा उचलून पाणी जोरात सोडा, निघून जातो. दोन, प्रेशरच जास्त आहे. गच्चीची टाकी दर दहा मीटर वर असली की साधारण एक बार प्रेशर वाढतं, त्यामुळे उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांना प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो, तो बिघडला की सगळ्यांचे कनेक्शन पाईप फुटायला लागतात. ते सोसायटीचं काम आहे, कमिटीच्या मागे लागा.

नळ, शॉवर, टेफ्लॉन

नळाची धार बारीक झाली की आधी तोंडाची जाळी फिरवून काढा, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. शॉवरचंही तेच, काढता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ते पाणी भरून शॉवरला रबराने बांधून ठेवा. धार फक्त गरमची बारीक असेल तर गिझरच्या इनलेट व्हॉल्व्हची जाळी आणि अँगल कॉक बघा.

टपटप गळणारा नळ म्हणजे जुना फिरवायचा असेल तर रबरी वायसर गेला, पाव फेऱ्यात बंद होणारा असेल तर आतला स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा पाणी उघड-बंद करणारा भाग. पाणी बंद करा, मुठीवरची रंगीत टिकली काढा, खाली स्क्रू असतो, मूठ निघाली की पान्याने स्पिंडल सोडवा, पान्याखाली फडकं ठेवा नाहीतर नळाची चकाकी जाते. स्पिंडलमध्ये चिनी मातीच्या दोन चकत्या असतात, त्यांच्यात क्षाराचा एक कण जरी अडकला तरी नळ गळतो. त्यामुळे आधी भिजवून धुऊन बघा. नाहीच झालं तर जुना स्पिंडल खिशात घालून दुकानात जा, कंपनीप्रमाणे उंची आणि मुठीचे दाते वेगळे असतात, तोंडी सांगून आणलेला स्पिंडल बसत नाही म्हणजे नाहीच.

टेफ्लॉनचं एक. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ओढून गुंडाळायचं, आठ-दहा वेढे, उलटं गुंडाळलं तर बसवताना सगळं गोळा होऊन बाहेर येतं. आणि कनेक्शन पाईपच्या चाकीत रबरी वायसर असतो, तिथे टेफ्लॉन लागतच नाही, तिथे गळत असेल तर वायसर बदला. टेफ्लॉनचा गोळा करून पान्याने कचकचून आवळलं की चाकीच फुटते. तसंच प्लास्टिक फिटिंगच्या आट्यात पितळी नळ जोर लावून बसवू नका, फिटिंग चिरते आणि ती चीर महिन्याभराने बोलते, पितळी आट्याची फिटिंग घ्या.

गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच लावायचा, पिवळसर असतो तो. पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी आहे, गरम पाण्याने वाकतो आणि जोड सुटतात. जोडताना पाईप सरळ कापा, आतली-बाहेरची कुसं काढा, पूर्ण कोरडा करा, दोन्हीकडे सोल्युशन (पाईप चिकटवायचं) लावा, पाव फेरा देऊन घुसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. आणि त्या दिवशी गरम पाणी सोडायची घाई करू नका.

गच्चीवर सोलर असेल तर

काचेच्या नळ्यांचं सोलर दिसायला निरुपद्रवी, पण क्षार तिथेही बसतातच. नळ्यांवरची धूळ पुसणं हे सगळे करतात, कमी लोक बघतात ते नळीचं खालचं टोक. ते चंदेरी असायला हवं, पांढरट दुधाळ झालं असेल तर त्या नळीतली पोकळी गेली, ती नळी आता पाणी तापवत नाही, बदला. नळ्या काढायच्या असतील तर पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, दुपारी नाही, तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते. बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा.

सोलर चांगलं तापतंय पण नळाला येतच नाही, फुर्रफुर्र करतं, तर लाइनीत हवा अडकलीय. टाकी पूर्ण रिकामी झाली होती का आठवून बघा. मिक्सरचे गरम-थंड दोन्ही नळ उघडायचे आणि बाहेरचं तोंड तळव्याने घट्ट दाबून धरायचं, थंडचं प्रेशर गरमच्या लाइनीत उलटं शिरून हवा वर ढकलतं, मिनिटभर धरून सोडा, दोन-तीनदा करा. वर सांगितलेला जो दोष होता तोच इथे उपयोगी पडतो. हे करताना पाणी पोळण्याइतकं गरम नाही ना ते आधी बघा. आणि टाकीवरचा उघडा हवेचा पाईप कबुतरांच्या काड्यांनी बुजलेला नाही ना तेही.

गॅस गिझर

यात घरी दुरुस्तीचं काहीच सांगणार नाही. फक्त एवढंच की तो बंद बाथरूमच्या आत नको, म्हणजे नकोच. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस अंघोळ करताकरता बसतो तो उठत नाही, आणि दर थंडीत पेपरात अशी बातमी असतेच. बाहेर बाल्कनीत लावा, धुराचा पाईप बाहेर काढा. ज्योत निळी पाहिजे, पिवळी दिसायला लागली की बंद करून मेकॅनिक बोलवा. खिडकीला एक्झॉस्ट आहे म्हणून चालेल असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

फ्लश आणि न्हाणी

फ्लशची टाकी गपचूप गळत असते, रात्री टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर खालचा वायसर गेला, दुकानात नेऊन तसाच आणा आणि बदला. टाकी भरूनही पाणी बारीक येतच राहत असेल तर फ्लोटच्या व्हॉल्व्हमध्ये क्षार, तेच लिंबूसत्त्व.

बंद असलेल्या बाथरूममधून गटाराचा वास येतो, तर न्हाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, तांब्याभर पाणी ओता, दहा मिनिटांत वास जातो. गावाला जाताना थोडं गोडेतेल वरून सोडलं तर पाणी लवकर उडत नाही. बेसिन तुंबलं तर आधी खालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरवून काढा, बादली ठेवून, केस आणि साबणाचा गोळा तिथेच असतो. नाली मोकळी करायची पावडर, ॲसिड आणि ब्लीच यातलं काहीही एकात एक मिसळू नका, विषारी वायू होतो. सिंकमध्ये तळणीचं तेल ओतायचं बंद केलं तर या परिच्छेदाची निम्मी गरजच पडणार नाही.

घरात एका डब्यात हे ठेवून द्या : दोन टेफ्लॉन, अर्धा इंची आणि पाऊण इंची रबरी वायसर, एक जादा कनेक्शन पाईप, तुमच्या कंपनीचा एक स्पिंडल, नळाच्या तोंडाला लावायचं प्लग, पाना, आणि लिंबूसत्त्वाचं पाकीट. डब्याच्या झाकणाला आतून गच्चीवरच्या व्हॉल्व्हचा फोटो चिकटवा, कुठला आपला त्याच्यावर बाण काढून.